मी दोन किलोचा, आणि मला उचलायचे ठरेना

मित्रांनो, दोन किलोचा एक जुना लोखंडी ठोकळा तुमच्याशी बोलतो आहे. नीट बसून घ्या. किंवा नको, बसूच नका. माणसे बसलेली बघून बघून मला वीट आला आहे, आणि तो का आला हेच सांगायचे आहे. उभ्यानेच ऐका.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, मी निवलो आणि सहा बाजूंचा झालो. जन्मतःच माझे वजन थोडे कमी भरले. तुमच्याकडे बाळ कमी वजनाचे निघाले तर घरादाराचा जीव खाली-वर होतो. आमच्याकडे बुडाला आधीच एक भोक ठेवलेले असते. त्यात शिसे ओतले आणि मी बरोबर दोन किलोचा झालो. मग वजनमाप खात्याच्या साहेबांनी माझ्यावर शिक्का मारला. हे साहेब दर दोन वर्षांनी दुकानात येत, मला त्यांच्याजवळच्या ठोकळ्याशी ताडून बघत आणि म्हणत, "बरोबर आहे." एवढेच. आयुष्यात याहून मोठे कौतुक मी ऐकले नाही, आणि मला ते लागलेही नाही.

एकतीस वर्षे मी एका किराणा दुकानात काम केले. एका पारड्यात मी, दुसऱ्यात साखर, नाहीतर तांदूळ, नाहीतर साबणाचा चुरा. काटा मधोमध आला की मालक माल पिशवीत ओतत आणि गिऱ्हाईक घरी जाई. म्हणजे तुलना करणे हा माझा पिढीजात धंदाच म्हणा ना. पण माझी तुलना चार सेकंदांत संपत असे. मित्रांनो, हा आकडा लक्षात ठेवा. चार सेकंद.

पुढे विजेवर चालणारा काटा आला. त्याच्यावर लाल आकडे उमटत आणि लोक त्या आकड्यांकडे देवाकडे बघावे तसे बघत. मी, माझा पाच किलोचा थोरला भाऊ, एक किलोचा धाकटा आणि अर्ध्या किलोचे शेंडेफळ, आम्ही फळीखाली गेलो. मग गुडघ्यांनी दगा दिल्यावर मालकांनी दुकानच बंद केले. भंगारवाला आला आणि माझ्या तिन्ही भावांना घेऊन गेला. मी वाचलो, कारण तो त्यांना नेत असताना दार उघडे धरून ठेवायचे काम माझ्याकडे होते. माझ्या अंगावरूनच ते गेले. कर्तव्य म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी कळले, आणि अजिबात आवडले नाही.

त्यानंतर मी मालकांच्या घरी आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बासष्ट पायऱ्या. घरात मालक, मालकीणबाई आणि त्यांचे चिरंजीव. चिरंजीव तेहतीस वर्षांचे, एका कार्यालयात तक्ते बनवतात. तक्ते कशाचे, हे त्यांच्या आईलाही नीट सांगता येत नाही, विचारले की ती म्हणते, "असतात बाई काहीतरी, उभे-आडवे." थोरली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते आणि फोनमधून घर चालवते. मी बाल्कनीत जुन्या वर्तमानपत्रांवर बसून होतो. तिथे सहा वर्षे गेली. माझ्याखाली ज्या बातम्या होत्या त्या सगळ्या शिळ्या झाल्या, तरी मी त्यांना उडू दिले नाही.

आणि एके दिवशी सकाळी मालकीणबाई न्हाणीघरात पडल्या.

हाड मोडले नाही. पण त्यांना जमिनीवरून उठता येईना. मालक फिरून येईपर्यंत चाळीस मिनिटे त्या ओल्या फरशीवर, बादलीला धरून बसून होत्या. मालकांनी हाका मारल्या तेव्हा आतून शांत आवाज आला, "इथेच आहे. कुठे जाणार?"

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवले. या व्यायामबाई मोजकेच बोलणाऱ्या. त्यांनी मालकीणबाईंना खुर्चीत बसवले, हात छातीवर घडी करायला लावले आणि म्हणाल्या, "आता उठा." मालकीणबाई एकदा उठल्या. दुसऱ्यांदा नाही.

"पायांत ताकद राहिलेली नाही," व्यायामबाई म्हणाल्या. "तीन महिने देते. हात न लावता लागोपाठ पाच वेळा उठता आलं, तर जिने चढा, काही म्हणणार नाही. नाही आलं, तर तुम्हाला तळमजल्यावर राहायला लागेल."

तळमजला म्हणजे मुलीचे घर. मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे, खोलीही रिकामी आहे. पण घरी आल्यावर मालकीणबाई समोरच्या शेजारणीला म्हणाल्या ते मी बाल्कनीतून ऐकले. "तिच्याकडे मला कुठला डबा कशाचा ते विचारावं लागतं गं. चार दिवस विचारायला काही नाही. जन्मभर कोण विचारत बसेल?"

व्यायामबाईंनी निघताना एक चूक केली होती. त्या म्हणाल्या होत्या, "घरीच व्हिडिओ लावून करा. दोन किलोचं काहीतरी छातीशी धरा आणि खुर्चीतून उठा-बसा. व्हिडिओ कुठलाही चालेल."

कुठलाही! मित्रांनो, हा शब्द त्या घराण्यात आजवर कोणी उच्चारलेला नव्हता. या घरी पंखा घ्यायचे ठरले तेव्हा सतरा पंख्यांची तुलना झाली, आणि ती पूर्ण झाली तोवर थंडी पडली होती. मालकांच्या लग्नाच्या वेळीही असेच झाले असते, पण मालकीणबाईंच्या वडिलांनी "हो की नाही ते संध्याकाळपर्यंत सांगा" असा निरोप धाडला म्हणून निभावले.

मला मात्र आनंद झाला. दोन किलोचे काहीतरी! चिरंजीवांनी मला बाल्कनीतून आत आणले, ओल्या फडक्याने पुसले. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला उचलणार होते. मी टेबलावर ठेवला गेलो आणि वाट बघू लागलो.

चार आठवडे वाट बघितली.

कारण चिरंजीवांनी तक्ता केला. घरी वजन उचलायला शिकवणाऱ्या चौघा शिक्षकांचे व्हिडिओ त्यांनी निवडले आणि चौतीस रकाने आखले. शिक्षक श्वास कधी घ्यायचा ते सांगतो का. मोजताना लबाडी करतो का. संगीत किती मोठे. भिंतीचा रंग कोणता. रोज संध्याकाळी कोचावर मालक, चिरंजीव आणि फोनमधून ताई अशी समिती बसे. व्यायामाचे व्हिडिओ समिती संपूर्ण बघे, आणि संपूर्ण बसून बघे.

पहिला शिक्षक दंडवाला. त्याचे दंड इतके मोठे की त्याला स्वतःचे कान खाजवता येत असतील का याचीच मला काळजी. तो "शेवटचे दहा" असे चार वेळा म्हणे. मालकांच्या मते हा माणूस धंद्यात टिकला नसता.

दुसरी हसरी. खाली बसताना हसे, उठताना हसे, घाम पुसतानाही हसे. मालकांनी पडद्याजवळ जाऊन तिच्या हातातले वजन निरखले आणि निकाल दिला, "पोकळ आहे. दोन किलो धरून एवढं हसता येत नाही. मी एकतीस वर्षं धरलंय."

तिसरे कुजबुजे सर. पाठीमागे समुद्र, पांढरे कपडे, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीत कोणी आजारी झोपले असावे. ते "आता शरीराचं ऐका" म्हणाले की समितीतले दोघे झोपत आणि ताईचा फोन आपोआप बंद होई.

चौथी एक साधी बाई. वय पन्नाशीचे, अंगात ढगळ सदरा, एक लाकडी खुर्ची, नऊ मिनिटांचा व्हिडिओ. मध्येच तिची मांजर येऊन खुर्चीवर बसे. मग ती मांजरीला उचलून बाजूला ठेवी आणि म्हणे, "हेसुद्धा एक धरा." तिचे मोजणे बरोबर होते. पाच म्हणाली की पाचच. मला ती फार आवडली. मालकीणबाईंनाही.

"ही बरी आहे," त्या म्हणाल्या. "हिचंच करते ना मी."

"आई, मागे कपाट उघडं आहे तिचं," चिरंजीव म्हणाले. "सादरीकरणात दोन गुण गेले."

"मला कपाट थोडंच उचलायचंय?"

"आणि तू मत देऊ नकोस. तुलाच करायचंय ना, मग तुझं मत निष्पक्ष कसं राहणार?"

ताई फोनमधून म्हणाली, "बरोबर बोलतोय तो, आई. आणि ठरेपर्यंत उगाच काही करू नकोस. चुकीचं काही झालं तर निस्तरायचं कोणी?"

मालकीणबाई चहा टाकायला गेल्या. उठताना त्यांनी टेबलाची कड धरली. माझ्यापासून चार बोटांवर त्यांचा हात होता.

पाचव्या आठवड्यात मालकांना तक्ता पटेनासा झाला. "कागदावर काय, कोणीही आकडा लिहील," ते म्हणाले. "पारड्यात पडतं ते खरं." आणि त्यांनी माळ्यावरून जुना तराजू काढला. तराजू दिसताच माझे काळीज हलले. शिशाचे का असेना, आहे. आम्ही दोघे इतक्या वर्षांनी भेटत होतो. पण ही भेट ज्या कामासाठी घडवली होती ते ऐका.

एक गुण म्हणजे एक वाटाणा. प्रत्येक शिक्षकाची एक वाटी. रोज प्रत्येकाचा एक व्हिडिओ बघायचा आणि मिळतील तेवढे वाटाणे त्याच्या वाटीत टाकायचे. एका पारड्यात कायम मी. रोज रात्रीच्या जेवणाआधी एकेक वाटी दुसऱ्या पारड्यात रिकामी करायची, आणि ज्या शिक्षकाचे वाटाणे मला वर उचलतील तो आपला शिक्षक.

चिरंजीवांनी हिशेब केला. "बाबा, दोन किलोला दहा हजार वाटाणे लागतील. रोज सरासरी सात धरले तर तीन वर्षं अकरा महिने."

मालकांनी विचार केला. "म्हणजे होण्यासारखं आहे."

मित्रांनो, तीन वर्षे अकरा महिने! माझी चार सेकंदांची घरंदाज तुलना कुठे आणि हे कुठे. त्यातून अडचण अशी की घरात दोन किलोचे काहीतरी म्हणजे मीच, आणि मी परीक्षक म्हणून पारड्यात बसलेला. नवे वजन विकत आणायचे तर त्याचा तक्ता वेगळा चालू होता. मालकीणबाईंनी एकदा पिठाचा डबा छातीशी धरला, तर मालक म्हणाले, "अगं, पीठ रोज कमी होतं. दोन किलो म्हणजे दोन किलो. उद्या व्यायामबाईंनी विचारलं तर काय सांगणार, अंदाजे?" दुकानदाराचा मान आड आला. डबा परत फळीवर गेला.

आणि मला हात लावायला गेल्या तर, "आई, नको ना, मोजणी चालू आहे."

असा मी तेवीस दिवस बसलो. समोरच्या पारड्यात हसरीचे दीडशे वाटाणे पडत, मी हलत नसे. दंडवाल्याचे पडत, मी हलत नसे. मला हलवण्यासाठी देवाने एक बाई नेमली होती, आणि ती चहाचे कप गोळा करत होती. तिच्या तीन महिन्यांतले निम्म्याहून जास्त दिवस संपले होते, आणि तिची खुर्चीतून उठण्याची संख्या अजून एक होती. खरे तर एकसुद्धा नव्हती. आता ती कड धरल्याशिवाय उठत नव्हती. सगळे घर तिच्यासाठी राबत होते आणि तिच्याकडे बघायला मात्र कोणाला सवड नव्हती.

आठव्या आठवड्यातली एक संध्याकाळ. पडद्यावर साधी बाई होती. मालकीणबाई कोचावर, मालक आणि चिरंजीव यांच्या मध्ये बसल्या होत्या. कोच खोल, त्यात त्या रुतल्या. गॅसवर दूध होते.

"अरे, जरा उठव मला," त्या म्हणाल्या. "दूध उतू जाईल."

"एक मिनिट आई," चिरंजीव म्हणाले. "बघ, ती उठतेय. गुडघे बघ तिचे. बाबा, गुडघ्यांचे किती द्यायचे?"

"आठ द्या," मालक म्हणाले. "छान उठतेय."

मालकीणबाईंनी एकाकडे बघितले, मग दुसऱ्याकडे. त्या पुढे सरकल्या, पाय जवळ घेतले आणि उठायला गेल्या. परत मागे पडल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा पडल्या. तिसऱ्या वेळी, तोंडाने काहीतरी पुटपुटत, त्या उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या बाईला नऊ गुण मिळत होते, त्यामुळे हे कोणी पाहिले नाही. मी पाहिले.

त्यांनी आधी जाऊन गॅस बंद केला. मग त्या टेबलापाशी आल्या आणि दोन्ही हातांनी मला पारड्यातून उचलले.

आता तराजूचा धर्म तुम्हाला माहीत आहे. एक पारडे हलके झाले की दुसरे खाली येते. दुसरे पारडे आठवड्यानुआठवडे हवेत लटकून होते, आणि समितीने चारही वाट्या सोयीसाठी त्याच्याच खाली मांडल्या होत्या. पारडे दाणकन खाली आले. चारही वाट्या उपड्या झाल्या. सहाशेच्या वर वाटाणे टेबलावरून उसळले आणि कोचाखाली, कपाटाखाली, चिरंजीवांच्या खिशात, जिथे जागा मिळेल तिथे गेले.

"आई!" चिरंजीव म्हणाले.

"काय झालं? काय झालं?" फोनमधून ताई म्हणाली. "कोण जिंकलं?"

"कुठला वाटाणा कुणाचा, कसं कळायचं आता," मालक खालच्या आवाजात म्हणाले. दुकान बंद करताना त्यांचा चेहरा असा झाला होता.

"वेचा," मालकीणबाई म्हणाल्या, "म्हणजे कळेल." आणि मला छातीशी धरून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

तिथे एक लाकडी खुर्ची होती. त्या बसल्या. त्यांच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते. इतक्या जवळ मला आजवर कोणी घेतले नव्हते, साखरेनेसुद्धा नाही. "चल रे ठोकळ्या," त्या म्हणाल्या. उठल्या. बसल्या. साध्या बाईसारखे मोठ्याने मोजले, "एक." दुसऱ्यांदा गुडघा करकरला आणि त्यांनी ओट्याला हात लावला. "हा धरायचा नाही," म्हणाल्या, आणि परत "एक" पासून सुरुवात केली. शिक्का मारणारे साहेब असते तर त्यांनी मान डोलावली असती.

बाहेर मालक आणि चिरंजीव उकिडवे बसून वाटाणे वेचत होते. दोन तास. दुसऱ्या दिवशी दोघांनाही जिना उतरता आला नाही. चिरंजीवांनी आजारपणाची रजा टाकली.

पुढचे पाच आठवडे मी कामावर होतो. सकाळी एकदा, चारच्या चहाआधी एकदा. एखाद्या दिवशी चार होत, दुसऱ्या दिवशी दोनच, आणि त्या मला ओट्यावर ठेवून खिडकीबाहेर बघत बसत. मी काय बोलणार? माझ्याकडे दोन किलोशिवाय देण्यासारखे काही नव्हते, ते मी रोज पुरेपूर दिले. बाहेर मिसळलेल्या वाटाण्यांचे काय करायचे यावर समितीच्या बैठका चालूच होत्या.

तपासणीच्या दिवशी मालकीणबाईंनी मला कापडी पिशवीत घातले. "तो कशाला?" मालकांनी विचारले. "सवय झालीये," त्या म्हणाल्या. बासष्ट पायऱ्या. पिशवी त्यांनी कोणाला धरू दिली नाही.

व्यायामबाईंनी मला बाजूला ठेवायला लावले आणि खुर्ची पुढे ओढली. मालकीणबाईंनी हात छातीवर घडी केले, तिथे मी नव्हतो. एक. दोन. तीन. चौथ्याला अर्ध्यावर त्या थांबल्या. ना वर, ना खाली. मालकांचा हात नकळत पुढे गेला. व्यायामबाईंनी तो डोळ्यांनीच मागे सारला. मी चार सेकंद मोजले. मग त्या वर आल्या. पाचव्यांदा त्या उठल्या आणि बसल्याच नाहीत, तशाच पिशवीकडे आल्या.

"राहा तुमच्या तिसऱ्या मजल्यावर," व्यायामबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "कुणाचा व्हिडिओ केलात?"

चिरंजीवांनी लगेच फोन काढला. "त्याचं असं आहे, चौघांपैकी—"

"तो निकाल लागायचाय अजून," मालकीणबाई म्हणाल्या.

व्यायामबाईंनी मालकांकडे बघितले. "काका, तुम्ही बसा बरं. उठून दाखवा."

मालक बसले. हात घडी केले. एकदा जोर लावला. दुसऱ्यांदा लावला. मग त्यांनी खुर्चीच्या पायांकडे वाकून बघितले आणि म्हणाले, "खुर्ची जरा वेगळी आहे ही."

"हो ना," चिरंजीव म्हणाले. "तीन-चार प्रकारच्या बघायला हव्यात."

आता मालकीणबाई घरीच आहेत. माझी जागा ओट्यावर, मिठाच्या डब्याशेजारी. कुठला डबा कशाचा, हे त्यांना कोणालाही विचारावे लागत नाही. दुपारी चारला मी मालकांसाठी ठेवलेला असतो. ते येतात, मला बघतात, आणि खुर्च्यांचा तक्ता कुठवर आला ते विचारायला बाहेर जातात.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी जुन्या वस्तू उपदेश करतात. माझी एकच विनंती आहे, आणि मी रागावलो आहे म्हणून ती थोडक्यात करतो. तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणीतरी दाराला अडकण म्हणून, नाहीतर रद्दीवर बसून असेल. त्याची धूळ पुसा. शिक्षक किती आणि कसले बघायचे ते खुशाल बघा, हवे तितके ताडून बघा, भिंतीचा रंगसुद्धा बघा. फक्त बघताना आम्हाला हातात धरून उभे राहा. कितीही मोठा निर्णय असो, दोन मिनिटांत होतो.